लोह काढून दुसरा धातू बसवला तर जिवाणूच्या प्रथिनाची रचना किती बदलते? नवशिक्यांसाठी पायरीपायरीने

जिवाणूच्या प्रथिनातलं लोह काढून तिथे जस्त किंवा कोबाल्ट बसवला, तर प्रथिनाची घडी मोडते का? बहुतेक वेळा मोडत नाही. दोन्ही रचना संगणकावर एकमेकींवर ठेवल्या तर फरक डोळ्याला दिसतसुद्धा नाही, आणि इथेच नवा विद्यार्थी 'काहीच बदललं नाही' असं लिहून मोकळा होतो. बदल झालेला असतो. तो धातूभोवतीच्या चार-पाच अँगस्ट्रॉमच्या आत असतो आणि अँगस्ट्रॉमच्या शंभराव्या भागांत मोजावा लागतो. (१ अँगस्ट्रॉम म्हणजे ०.१ नॅनोमीटर.) तो कुठे शोधायचा, कोणत्या आकड्यावर विश्वास ठेवायचा आणि मुळात आपल्या नळीत कोणता धातू आहे याची खात्री कशी करायची, ते इथे सांगतो.

केगावच्या विद्यापीठात किंवा सोलापूर शहरातल्या कॉलेजांत बायोटेक, सूक्ष्मजीवशास्त्र, रसायनशास्त्र शिकणाऱ्या आणि प्रोजेक्टसाठी हा विषय घेऊ पाहणाऱ्या मुलामुलींसाठी हे लिहिलं आहे. सुरुवातीचं अर्धं काम फक्त लॅपटॉप आणि इंटरनेटवर होतं. पुढच्या कामाला साधी जैवरसायनाची लॅब पुरते. महागडी यंत्रं शेवटी लागतात आणि ती पुण्याला किंवा इंदूरला आहेत.

कोणतं प्रथिन घ्यावं

रुब्रेडॉक्सिन घ्या. पहिल्यांदा करणाऱ्यांनी दुसऱ्या कशाच्या मागे लागू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

क्लॉस्ट्रिडियम पाश्चरियानम या ऑक्सिजन न चालणाऱ्या जिवाणूत हे प्रथिन १९६५ मध्ये सापडलं. ५४ अमिनो आम्लं, वजन सुमारे ६ किलोडाल्टन आणि आत लोहाचा एकच अणू. तो अणू चार सिस्टीनांच्या गंधकांनी चारी बाजूंनी धरलेला असतो: ६, ९, ३९ आणि ४२ क्रमांकाचे सिस्टीन. रंग गडद लाल, त्यामुळे लोह निघालं की नाही ते डोळ्यांना कळतं. शिवाय जनुक ई. कोलायमध्ये सहज चालतं.

हीममधलं लोह बदलायचं तर आधी अख्खं हीम काढून दुसऱ्या धातूचं पॉर्फिरिन बसवावं लागतं, तो वेगळाच खटाटोप आहे. लोह-गंधकाचे चार-चार अणूंचे पुंजके असलेली फेरेडॉक्सिनं हवा लागताच खराब होतात. ग्लव्हबॉक्स (ऑक्सिजन काढून टाकलेली, बाहेरून हात घालून काम करायची बंद पेटी) नसेल तर त्यांना हात लावू नका.

पायरी १ : आधी संगणकावर फरक बघा

प्रयोगाला हात लावण्याआधी हे करा, म्हणजे आपण कशाच्या शोधात आहोत ते समजतं. प्रोटीन डेटा बँकेत दोन फाइली आहेत. लोहाचं रुब्रेडॉक्सिन '१आयआरओ' आणि जस्ताचं '१आयआरएन'. टाइप करताना पहिला एक हा आकडा, पुढची तीन इंग्रजी अक्षरं, आणि पहिल्या नावातलं शेवटचं अक्षर 'ओ' आहे, शून्य नाही. दोन्ही प्रथिनं ई. कोलायमध्ये एकाच जनुकापासून बनवलेली, आणि रचना अतिशय बारकाईने ठरवलेल्या: लोहाची १.१ अँगस्ट्रॉम रेझोल्यूशनला, जस्ताची १.२ ला (रेझोल्यूशन म्हणजे रचना किती बारीक दिसते त्याचं माप, आकडा जितका लहान तितकी ती बारीक). इतकी चांगली जोडी शिकणाऱ्याला क्वचित मिळते.

कायमेराएक्स हे सॉफ्टवेअर शिक्षणासाठी फुकट आहे. त्यात दोन्ही फाइली उघडा आणि मॅचमेकर वापरून एक दुसरीवर बसवा. कणा जवळजवळ तंतोतंत जुळेल. आरएमएसडीचा, म्हणजे जुळवलेल्या अणूंमधल्या सरासरी अंतराचा, आकडा इतका लहान येईल की काम संपल्यासारखं वाटेल, पण हा आकडा ५४ अमिनो आम्लांची सरासरी आहे. धातूजवळच्या चौघांत झालेला बदल उरलेल्या पन्नासांत बुडून जातो. म्हणून आरएमएसडी वहीत लिहा आणि पुढे चला.

आता धातू आणि प्रत्येक सिस्टीनच्या गंधकातलं अंतर मोजा. कंट्रोल दाबून धातूवर क्लिक, मग कंट्रोल-शिफ्ट दाबून गंधकावर क्लिक, मग अंतराचं साधन. असे चार आकडे लोहाचे आणि चार जस्ताचे. लोह-गंधक बंधाची सरासरी २.२६२ अँगस्ट्रॉम आणि जस्त-गंधक बंधाची २.३४५ यायला हवी. फरक ०.०८३ अँगस्ट्रॉम, आणि या रचनांतला सगळ्यात ठळक फरक हाच. आकडा फारच वेगळा आला तर एक शक्यता तपासा: इतक्या बारीक रचनांत काही अणूंच्या दोन-दोन जागा नोंदवलेल्या असतात, आणि क्लिक चुकीच्या जागेवर पडतं.

चारही बंध सारखे येणार नाहीत. त्याचं कारण गंधकांच्या शेजाऱ्यांत आहे. कण्यातल्या नायट्रोजनांचे हायड्रोजन या गंधकांना हायड्रोजन बंधांनी धरून असतात, असे एकूण सहा बंध. सिस्टीन ६ च्या गंधकाला ८ आणि ९ क्रमांकाचे नायट्रोजन धरतात, ३९ च्या गंधकाला ४१ आणि ४२ चे. सिस्टीन ९ ला फक्त ११ चा आधार, आणि ४२ ला फक्त ४४ चा. म्हणजे प्रत्येक वळणातला पहिला सिस्टीन दोघांनी धरलेला आणि दुसरा एकाने. ही सहाही अंतरं दोन्ही रचनांत मोजा. ती साधारण ३.५ ते ३.९ अँगस्ट्रॉममध्ये असतात.

त्यानंतर सिस्टीनच्या बाजूसाखळीचा पिळ बघा: अल्फा कार्बन, बीटा कार्बन, गंधक आणि धातू या चार अणूंमधला कोन. जस्त आल्यावर सिस्टीन ६ आणि ३९ चे हे कोन वाढतात. दोघांनी धरलेले तेच दोन सिस्टीन! मोठा अणू आत बसवायला जागा करावी लागते, आणि ती मुख्यतः या दोन बाजूसाखळ्या किंचित फिरवून होते; कण्यात ३६ ते ४६ क्रमांकांचा भाग बाकीच्यापेक्षा थोडा जास्त सरकतो. धातुबदलाचा परिणाम प्रथिनात कसा पसरतो आणि कुठे थांबतो हे याहून स्वच्छ कुठे दिसणार नाही. इथे घाई करू नका.

जस्त तरी मोठं का ठरतं? चार शेजारी असताना आयनांच्या त्रिज्या अशा: तीन भाराचं लोह ०.४९ अँगस्ट्रॉम, दोन भाराचं लोह ०.६३, जस्त ०.६०, कोबाल्ट ०.५८, कॅडमियम ०.७८, तीन भाराचं गॅलियम ०.४७. ऑक्सिडीकृत रुब्रेडॉक्सिनमध्ये लोह तीन भाराचं असतं. म्हणून जस्ताची रचना ही लोहाच्या दोन भाराच्या, म्हणजे क्षपित रूपाच्या जवळ जाते. गॅलियम त्याउलट तीन भाराच्या लोहाच्या जागी चपखल बसतं. कॅडमियम सगळ्यात जास्त ताणतं, त्याचा गंधकाशी बंध सुमारे २.५ अँगस्ट्रॉम.

कोणत्या आकड्यावर विश्वास ठेवायचा

डेटा बँकेतल्या बहुतेक प्रथिनांच्या रचना २ अँगस्ट्रॉमच्या आसपासच्या आहेत. त्या रेझोल्यूशनला एका बंधाच्या लांबीत ०.०८ अँगस्ट्रॉमचा फरक खात्रीने सांगता येत नाही. त्याहून मोठी अडचण अशी की अशा रचना शुद्ध करताना संगणकाला बंधांच्या 'आदर्श' लांब्या आधीच दिलेल्या असतात आणि तो अणू ओढून त्या लांबीवर आणतो. अशा फाइलीत तुम्ही मोजलेली लांबी म्हणजे त्या संशोधकांनी आधी घातलेलाच आकडा परत वाचणं. म्हणून तुलनेसाठी रचना निवडताना आधी रेझोल्यूशन बघा. १.२ च्या आत असेल तर शंभराव्या भागांवर बोला. २ च्या पुढे असेल तर फक्त शेजारी किती आहेत, आकार चौकोनी की चतुष्फलकी, एखादं पाणी आत आलं का, एवढंच बोला.

दुसरी अट म्हणजे दोन्ही स्फटिक एकाच जातीचे, एकाच पीएचचे, एकाच तापमानाला मोजलेले हवेत. नाहीतर शेजारच्या रेणूच्या दाबामुळे पडलेला फरक धातूच्या नावावर जातो. चेकमायमेटल या संकेतस्थळावर फाइलीचा क्रमांक टाकला की धातूची जागा पटण्यासारखी आहे का ते समजतं. कित्येक फाइलींत नाव एका धातूचं आणि भूमिती दुसऱ्याच धातूची निघते.

पायरी २ : पाणी, भांडी आणि उन्हाळा

बेंचवरचं काम बिघडतं ते बहुतेक इथेच. आपण मुद्दाम घालतो त्या जस्तापेक्षा नकळत येणारं जस्त जास्त त्रास देतं.

सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही, ते टाकीत साठून राहतं आणि बऱ्याच जुन्या इमारतींत जीआय पाइपांतून फिरतं. जीआय म्हणजे लोखंडावर जस्ताचा मुलामा. साठलेल्या पाण्यात जस्त आणि लोह दोन्ही उतरतात, आणि बोअरचं पाणी असेल तर वर कॅल्शियम-मॅग्नेशियमही असतं. हे पाणी भांडी पहिल्यांदा विसळायलाच वापरा. बफरसाठी १८.२ मेगाओहम-सेंटीमीटरचं पाणी हवं. ते यंत्र नसेल तर काचेच्या भट्टीतून दोनदा ऊर्ध्वपातित केलेलं घ्या, धातूच्या भट्टीतलं नको. बफर बनवून झाला की धातू पकडून ठेवणाऱ्या चेलेक्स रेझिनमधून जाऊ द्या.

काचेची भांडी १० टक्के नायट्रिक आम्लात रात्रभर बुडवून मग चांगल्या पाण्याने पाच-सहा वेळा धुवा. शक्य तिथे प्लास्टिकच वापरा. पावडर लावलेले हातमोजे आणि रबरी बुचं यांत झिंक ऑक्साइड असतं. पावडर नसलेले नायट्राइलचे मोजे घ्या. ईडीटीए कुठेही राहू देऊ नका, नंतर घातलेला धातू तोच पकडून बसतो. फॉस्फेट बफरही टाळा, जस्त आणि लोह त्यात साका होऊन खाली बसतात.

आता उन्हाळा. मार्च ते जून एसी नसलेल्या लॅबमध्ये पारा सहज ३८-४० वर असतो. ट्रिस बफरचा पीएच दर अंशाला सुमारे ०.०२८ ने घसरतो. २५ अंशांना ८.० वर आणलेला ट्रिस ४० अंशांना ७.६ होतो आणि बर्फात ८.७. ज्या तापमानाला वापरणार त्याच तापमानाला पीएच लावा. सिस्टीन एकमेकांना जोडले जाऊ नयेत म्हणून घालतात ते डायथायोथ्रेटॉल, म्हणजे डीटीटी, २० अंशांना आणि ८.५ पीएचला दीड तासाच्या आत निम्मं संपतं. ४० अंशांना त्याहून किती लवकर, याचा अंदाज करा. ते वापरण्याच्या क्षणी तोलून घाला. शिवाय ते जस्ताला घट्ट धरतं. धातू बसवण्याच्या पायरीत २-मर्कॅप्टोइथेनॉल बरं, वास सोसावा लागला तरी (फ्यूम हूडमध्येच). आणि छोटा, थंड न होणारा सेंट्रिफ्यूज दहा मिनिटं चालवला की आतली नळी बाहेरच्या हवेपेक्षा गरम निघते. तो शीतकक्षात ठेवा किंवा दोन-दोन मिनिटांचे फेरे करा. वीज जाण्याची वेळ पाहून काम लावा. शुद्धीकरणाच्या मधोमध फ्रिज बंद पडणं परवडतं, उघड्या सिस्टीनांचं प्रथिन हवेत तासभर पडून राहणं परवडत नाही.

पायरी ३ : लोह काढा

इथून पुढचं प्रमाण ३ मिलिग्रॅम शुद्ध रुब्रेडॉक्सिनसाठी आहे. ते ०.५ मिलिलिटरमध्ये असेल तर संहती जवळपास १ मिलिमोलर आणि एकूण ०.५ मायक्रोमोल. हे दोन आकडे वहीच्या वरच लिहा, सगळा हिशेब त्यांवर चालतो.

नळी बर्फात ठेवा. ३.५ मायक्रोलिटर २-मर्कॅप्टोइथेनॉल घाला, म्हणजे ते सुमारे ०.१ मोलर होईल. मग ५० टक्क्यांच्या ट्रायक्लोरोॲसेटिक आम्लाचे १२५ मायक्रोलिटर घाला, म्हणजे आम्ल १० टक्के होईल. हे आम्ल कातडी भाजतं, चष्मा आणि मोजे घालूनच काम करा. लाल रंग जाऊन पांढरा साका दिसला पाहिजे. १० मिनिटं बर्फात ठेवून थंड सेंट्रिफ्यूजमध्ये १०,००० जीला ५ मिनिटं फिरवा. वरचं पाणी वेगळ्या नळीत जपून ठेवा, काढलेलं लोह त्यात आहे आणि ते मोजायचं आहे.

साका ०.५ मिलिलिटर ट्रिसमध्ये विरघळवा: ०.५ मोलर, पीएच ८.५, त्यात ५० मिलिमोलर २-मर्कॅप्टोइथेनॉल. साक्यात आम्ल उरलेलं असतं, म्हणून इतका तगडा बफर. विरघळल्यावर पीएचची पट्टी लावून बघा. ७ च्या खाली असेल तर साका अर्धवटच विरघळतो आणि लोक प्रथिन खराब झालं समजून टाकून देतात. ट्रिसचे थेंब वाढवा, विरघळेल. साक्यात अजून गुलाबी छटा असेल तर लोह उरलेलं आहे, संपूर्ण क्रिया एकदा परत करा. साका पूर्ण पांढरा असला तरी दुसरी फेरी करावी, असं आम्ही सुचवतो.

पायरी ४ : नवा धातू बसवा

धातूचं द्रावण १० मिलिमोलरचं ठेवा. जस्तासाठी झिंक सल्फेट हेप्टाहायड्रेट २८.८ मिलिग्रॅम १० मिलिलिटरमध्ये. झिंक क्लोराइड हवेतली ओल शोषतं आणि वजन चुकतं, म्हणून सल्फेट. कोबाल्टसाठी कोबाल्ट क्लोराइड हेक्साहायड्रेट २३.८ मिलिग्रॅम १० मिलिलिटरमध्ये.

प्रथिनाच्या दीडपट धातू पुरतो: ०.७५ मायक्रोमोल, म्हणजे ७५ मायक्रोलिटर. एकदम ओतू नका. १५-१५ मायक्रोलिटरचे पाच हप्ते करा, प्रत्येकानंतर हलक्या हाताने ढवळा आणि दोन-तीन मिनिटं थांबा. एकदम घातल्यास ८.५ पीएचला धातूचा हायड्रॉक्साइड बसतो आणि द्रावण गढूळ होतं. कोबाल्ट आणि लोह नायट्रोजन किंवा आरगॉनखाली बसवा. जस्ताला स्वतःला हवेचा धोका नाही, पण तोपर्यंत सिस्टीन उघडे असतात, म्हणून नायट्रोजन असेल तर तिथेही वापरा. अर्ध्या तासानंतर गढूळपणा असेल तर फिरवून काढून टाका.

उरलेला धातू आणि मर्कॅप्टोइथेनॉल काढायला पीडी-१० स्तंभ (लहान रेणू मागे ठेवून प्रथिन आधी बाहेर सोडणारा तयार स्तंभ) वापरा. नमुना बफरने २.५ मिलिलिटर करून चढवा, तेवढं बाहेर पडू द्या, मग ३.५ मिलिलिटर बफर घालून तेच गोळा करा. संहती कमी होईल, ती नंतर गाळणीच्या नळीत फिरवून वाढवता येते.

आणि जे बहुतेक जण टाळतात ते टाळू नका: लोह काढलेल्या प्रथिनाच्या एका भागात परत लोहच बसवा. नायट्रोजनखाली फेरस अमोनियम सल्फेट घालून मग हवा लागू द्या, लाल रंग परत येईल. तो मूळच्या किती टक्के परत आला ते मोजा. जस्ताच्या नमुन्यात जो फरक दिसेल तो धातूचा की आम्लात भाजून काढल्याचा, हे सांगणारा दुसरा पुरावा नाही. लोह ९० टक्के परत येत असेल तर पद्धत ठीक आहे. निम्मंच येत असेल तर सिस्टीन एकमेकांना जोडले जात आहेत. मर्कॅप्टोइथेनॉल स्तंभाने काढून लगेच मोकळे थायोल मोजणारी एलमनची चाचणी घ्या. ४१२ नॅनोमीटरला, शोषण गुणांक १४,१५० धरून, प्रत्येक रेणूमागे चार मोकळे थायोल मिळाले पाहिजेत.

धातूंपैकी तांबं घेऊ नका. ते गंधकाला सगळ्यांत जास्त घट्ट धरतं, पण सोबत थायोलचं ऑक्सिडीकरण करून प्रथिनाचं वाटोळं करतं. कॅडमियम रचनेच्या अभ्यासाला उत्तम, पण विषारी. त्याचा प्रत्येक थेंब वेगळ्या बाटलीत जमवा, बेसिनमध्ये कधीच नाही.

पायरी ५ : आत खरंच तोच धातू आहे ना?

ई. कोलाय स्वतःच या प्रथिनात जस्त भरतो. साध्या एलबी माध्यमात वाढवलेल्या पेशींतून लोहाचं आणि जस्ताचं रुब्रेडॉक्सिन मिसळूनच बाहेर पडतं. माध्यमात ५० ते १०० मायक्रोमोलर लोह घातलं तर लाल भाग वाढतो, पण मिश्रण उरतंच. म्हणजे तुमचं 'मूळ लोहाचं प्रथिन' हेच मिश्र असू शकतं.

पहिली चाचणी स्पेक्ट्रोफोटोमीटरवर. लोहाच्या रूपाला ३८० आणि ४९० नॅनोमीटरला शिखरं असतात. ४९० ला शोषण गुणांक सुमारे ८,८००, म्हणजे १०० मायक्रोमोलर द्रावणाचं रीडिंग ०.८८. ४९० आणि २८० च्या रीडिंगचं गुणोत्तर शुद्ध लोहाच्या रूपात ०.४ च्या थोडं वर येतं. ०.२ आलं तर दोनच अर्थ: दुसरी प्रथिनं मिसळलेली आहेत, किंवा निम्म्या रेणूंत लोहाऐवजी जस्त आहे. जेलवर एकच पट्टी असेल तर जस्तच.

कोबाल्टची गंमत रंगात आहे. पाण्यातलं कोबाल्ट फिकं गुलाबी, कारण भोवती पाण्याचे सहा रेणू. चार गंधकांत बसलं की हिरवं होतं आणि ६०० ते ७५० नॅनोमीटरमध्ये ठळक शिखरं येतात. रंग गुलाबीच राहिला तर धातू आत गेलेला नाही. जस्त आणि कॅडमियम रंगहीन. त्यांचं गंधकाशी जोडलेलं शोषण अतिनीलात, कॅडमियमचं २४५ च्या आसपास आणि जस्ताचं २१५ च्या जवळ, जिथे बफर आणि पेप्टाइड बंधांचाही गोंगाट असतो.

मग धातू मोजा. जपून ठेवलेलं आम्लाचं वरचं पाणी इथे कामी येतं. लोहासाठी फेरोझीन: ॲस्कॉर्बिक आम्लाने लोह क्षपित करा, अमोनियम ॲसिटेटने पीएच ५ च्या जवळ आणा, ५६२ नॅनोमीटरला वाचा. १० मायक्रोमोलर लोहाला ०.२८ च्या आसपास रीडिंग यावं. जस्तासाठी पीएआर हा रंगद्रव्याचा अभिकर्मक ५०० नॅनोमीटरला चालतो, ५ मायक्रोमोलर जस्ताला सुमारे ०.३३. त्यासाठी जस्ताच्या प्रथिनाचा थोडा भाग मर्कॅप्टोइथेनॉल न घालता आम्लाने साका करा आणि वरचं पाणी उदासीन करून घ्या. पीएआर लोहालाही रंग देतं, म्हणून मिश्र नमुन्यात त्यावर विसंबू नका. प्रमाण-आलेख त्याच आम्लात, त्याच बफरमध्ये काढा. अणुशोषण यंत्र जवळ असेल तर उत्तमच: लोह २४८.३, जस्त २१३.९, कोबाल्ट २४०.७ नॅनोमीटरला. प्रत्येक रेणूमागे धातू ०.९ ते १.१ आला पाहिजे. १.५ आला तर जास्तीचा धातू बाहेर कुठेतरी चिकटला आहे, स्तंभातून पुन्हा काढा.

मिश्रण निघालं तर ते वेगळं करता येतं. चार सिस्टीनांसह तीन भाराच्या लोहाच्या केंद्रावर एक ऋणभार उरतो, जस्ताच्या केंद्रावर दोन. तेवढ्या फरकावर ऋणायन-विनिमय स्तंभातून, मिठाचं प्रमाण सावकाश वाढवत नेलं तर दोन्ही रूपं वेगळी उतरतात.

पायरी ६ : रचना मोजायला बाहेर पाठवताना

स्फटिक बनले तरी धातूची खात्री पुन्हा करावी लागते. लोहाच्या आयनात २३ इलेक्ट्रॉन, जस्ताच्या आयनात २८. घनतेच्या नकाशात एवढा फरक कंपन आणि भरणा यांचे आकडे जरा इकडेतिकडे केले की झाकला जातो. त्याऐवजी अनियमित विकिरण वापरा: क्ष-किरणांची ऊर्जा धातूच्या शोषण-कडेच्या (जिथून तो ते जोरात शोषू लागतो त्या ऊर्जेच्या) वर असेल तर तो वेगळा संकेत देतो. तांब्याच्या नेहमीच्या क्ष-किरणांना, १.५४२ अँगस्ट्रॉमला, लोह ठळक संकेत देतं आणि जस्त अगदी कमी, कारण जस्ताची शोषण-कडा ९.६५९ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टला आहे आणि तांब्याचे किरण ८.०५ चे. लोहाची कडा ७.११२ ला, म्हणजे त्यांच्या खाली. साध्या प्रयोगशाळेच्या यंत्रावरसुद्धा त्यामुळे दोघांत भेद करता येतो.

इंदूरच्या राजा रामण्णा केंद्रातल्या इंडस-२ सिंक्रोट्रॉनवर प्रथिनांच्या स्फटिकांसाठीची किरणरेषा आहे, आणि एक्साफ्सच्याही (क्ष-किरणांच्या शोषणावरून धातूभोवतीची अंतरं काढायची पद्धत). तिथे वेळ मिळवायला प्रस्ताव द्यावा लागतो. त्यात वर सांगितलेले धातू-प्रथिन गुणोत्तराचे आकडे जोडले तर प्रस्तावाला वजन येतं. एक्साफ्सला स्फटिक लागत नाहीत. १ मिलिमोलरच्या आसपासचं द्रावण चालतं आणि धातू-गंधक अंतर साधारण ०.०२ अँगस्ट्रॉमच्या अचूकतेने मिळतं. आपला फरक ०.०८ चा, म्हणजे पद्धत पुरेशी आहे. फक्त नमुन्यात मोकळा धातू राहिला तर त्याच्याभोवतीच्या ऑक्सिजनांची अंतरं सरासरीत मिसळतात आणि खोटंच 'पाच शेजारी' असं उत्तर निघतं.

एनएमआरसाठी जस्ताचं रूपच लागतं. तीन भाराच्या लोहात पाच एकटे इलेक्ट्रॉन असतात, त्यांच्यामुळे धातूजवळच्या अणूंचे संकेत पसरून नाहीसे होतात. म्हणजे जो भाग बघायचा तोच दिसत नाही.

पुण्याला नमुने न्यायचे असतील तर सकाळची हुतात्मा एक्सप्रेस सोयीची. धातू मोजण्यासाठी आम्लात पचवून पातळ केलेले नमुने घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या नळ्यांत साध्या तापमानाला टिकतात. प्रथिन मात्र बर्फाच्या पेटीत, आणि मे महिन्यात पेटी दुप्पट बर्फाने भरून. रिकाम्या बफरची एक नळी सोबत पाठवायला विसरू नका, तिच्यातला जस्ताचा आकडा वजा केल्याशिवाय बाकीचे आकडे निरुपयोगी आहेत.

घडी तीच, पण काम बंद

रुब्रेडॉक्सिन जमलं की ई. कोलायच्या सुपरऑक्साइड डिस्म्युटेजकडे (पेशीला घातक सुपरऑक्साइड नष्ट करणाऱ्या प्रथिनाकडे) वळा. या जिवाणूत त्याची लोहाची आणि मँगनीजची अशी दोन स्वतंत्र प्रथिनं आहेत. दोन्हींची घडी सारखी, धातूला धरणारेही सारखेच: तीन हिस्टिडीन, एक ॲस्पार्टेट आणि एक पाण्याचा रेणू. तरीही लोहाच्या प्रथिनात मँगनीज किंवा मँगनीजच्यात लोह बसवलं तर रचना जवळपास तशीच राहून काम जवळजवळ थांबतं. इलेक्ट्रॉन घेण्या-देण्याचं विभव कित्येकशे मिलिव्होल्टने सरकतं, हे त्याचं मुख्य कारण. मँगनीजच्या प्रथिनात बसलेलं लोह वर एक जादा हायड्रॉक्साइडही सहज पकडतं आणि सहा शेजाऱ्यांचं होतं. प्रोपिओनिबॅक्टेरियम शर्मनीसारख्या काही जिवाणूंचं प्रथिन मात्र दोन्ही धातूंवर चालतं.

संगणकावर '१आयएसबी' ही लोहाची आणि '१व्हीईडब्ल्यू' ही मँगनीजची फाइल उघडा. धातूवरच्या पाण्यापासून जवळच्या ग्लुटामिनच्या नायट्रोजनपर्यंतचं अंतर मोजा. लोहाच्या प्रथिनात हे ग्लुटामिन ६९ क्रमांकाचं आहे, मँगनीजच्यात १४६ चं आणि साखळीच्या दुसऱ्याच भागातून आलेलं. मँगनीजच्या प्रथिनात ते पाण्याच्या जास्त जवळ असतं. या रचना १.८५ आणि २.१ अँगस्ट्रॉमच्या आहेत, त्यामुळे धातूच्या बंधांच्या लांब्या इथे एकमेकींशी ताडून पाहू नका. ग्लुटामिनचा फरक मात्र मोठा आहे, तो या रेझोल्यूशनलाही मोजता येतो.